डाव्या नडगीतला उजवा खांदा

ओवी शिरसट खोटारडी आहे हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं नव्हतं, एवढंच. बाकी सगळ्यांना ते माहीत होतं. पाचवीतल्या चिमुरड्या पोरीसुद्धा ओवी मैदानावरून गेली की तिच्यामागे पाय ओढत चालायच्या, मग मध्येच खांदा धरून कण्हायच्या, आणि अख्खा व्हरांडा हसायचा. सगळ्यात मोठ्याने हसायची श्रीलता दुडम. का नाही हसणार? दोघी दहावीत, दोघी खो-खोच्या एकाच संघात, दोघींना कप्तानच व्हायचं होतं, आणि त्यातली एक चादरीवर सपशेल तोंडघशी पडली होती.

झालं होतं असं. एका सकाळच्या सरावात ओवीने सांगितलं की डावी नडगी दुखलालीय, पळताना आत कुणी सुई फिरवल्यासारखं होतंय. खो-खो शिकवणाऱ्या माळगे मॅडमनी रीतीप्रमाणे तिला दुखण्याच्या खोलीत नेलं आणि चादरीवर उताणी निजवलं. समोरच्या पडद्यावर माणसाची आकृती आली. नडगी कोरी करकरीत. लाल ठिपका उमटला तो उजव्या खांद्यावर.

मॅडमनी पुन्हा विचारलं. ओवीने पुन्हा नडगीच सांगितली. दारात सगळा संघ माना घुसवून उभा होता.

"खांदा कुठला न नडगी कुठली, तेवढं पण कळत नाही व्हय बे तुला?" श्रीलता म्हणाली. "का पाय खांद्यावर टाकून पळतीस?"

हशा पिकला. ओवी उठून बसली, बुटाची नाडी बांधत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापाच्या चादरीला विचार."

ते बरोबर बसलं. कारण चादर खरंच श्रीलताच्या बापाची होती.

चादरीचं कागदावरचं नाव वेदनालेख. पण सोलापुरात विणलेल्या वस्तूला चादर सोडून दुसरं काही म्हणायची जीभच नाही कुणाची, त्यामुळे ती चादरच झाली. दिसायला साधी, निळ्या पट्ट्यांची. फक्त तिच्या उभ्याआडव्या धाग्यांत ठरावीक अंतराने केसाइतकी बारीक तार होती, आणि जिथे उभी तार आडवीला ओलांडायची तिथे अंगाची ऊब आणि स्नायूंची थरथर मोजली जायची. जिथे दुखतं तिथे सूज असते, सूज असते तिथे ऊब वाढते. मुलगी बरी असतानाची नोंद आधी घेऊन ठेवायची, आजच्या उबेतून ती वजा करायची, आणि जे उरेल ते दुखणं.

पण तारा काही सगळीकडे नव्हत्या. दोन तारांच्या मधल्या जागेचं काय? तिथे अंदाज. चारी बाजूंच्या घरांत काय शिजतंय ते माहीत असेल तर मधल्या बंद घराच्या दारात कसला वास येत असेल ते सांगता येतं, तसा. जवळच्या घराचा वास जास्त धरायचा, लांबच्याचा कमी. चादरीचा प्रोग्रॅम हेच करायचा, आधी आडवं, मग उभं, आणि ठिपक्याठिपक्यांच्या मधून सलग रंग भरून द्यायचा. त्यासाठी त्याला तीन गोष्टी लागायच्या. रुंदीत तारा कुठे कुठे आहेत, लांबीत कुठे कुठे आहेत, आणि प्रत्येक फुलीवरच्या आकड्यांचा तक्ता. बस्स.

हा प्रोग्रॅम आणि ही चादर यांचं लग्न लावलं ते राजेशम दुडम यांनी, म्हणजे श्रीलताच्या नानांनी. घरी तेलुगू बोलणाऱ्या या पद्मशाली घरात बापाला नाना म्हणत, आणि नाना ही चादर विणणाऱ्या मिलच्या डिझाइन खात्याचे प्रमुख होते. त्या लग्नाची गोष्ट ते जेवताना हमखास सांगायचे. सोलापुरी रिवाजाप्रमाणे आधी नमुन्याचा रुमाल विणला. चौरस. लांबीला ऐंशी तारा, रुंदीला ऐंशी. बरोबर मधोमध गरम चहाचा कप ठेवला, पडद्यावर बरोबर मधोमध लाल ठिपका. ऑर्डर द्यायला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तोच कप उचलून चहा प्यायले आणि ऑर्डर पक्की झाली. मग माणूस मावेल अशी चादर विणली. रुंदीला तेवढ्याच ऐंशी, पण लांबीला दोनशे. तर प्रोग्रॅम रुसला. तक्ता जुळत नाही म्हणाला, काम करीना.

"मग काय केलं?" हे श्रीलताने विचारायचं असायचं.

"तक्ता एका बाजूने ओढला, दुसऱ्या बाजूने चेपला, आणि त्याला पाहिजे त्या मापात बसवला," नाना घास हवेतच धरून सांगायचे. "एक थप्पड. लगेच गप."

वर्षभरात चादरी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पोचल्या. उन्हामुळे आठनंतर मैदानं बंद ठेवायचा नियम आला होता, सराव पहाटे आणि घाईत व्हायचे, मुलं पडायची, आणि खरं कुणाला लागलंय हे ठरवायला शिक्षकांकडे वेळ नव्हता. चादरीने तो प्रश्नच मिटवला. पोटदुखी अचूक दाखवायची. उजवा गुडघा अचूक. डावा खांदा अचूक. मग कुणाचं दुखणं भलतीकडेच उमटलं तर दोष माणसाचा. चादरीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंच होतं की मेंदू फसवतो, दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे. हे काही अंशी खरंही होतं, म्हणून तर जास्त पटायचं.

डोकेदुखी तर जगातूनच उठली. ज्याचं डोकं दुखायचं त्याचा डावा पंजा लाल दिसायचा. मोबाईल कमी धर, असं सांगून परत वर्गात. मिलच्या आरोग्य शिबिरात श्रीलताच्या अम्मालाही हेच सांगितलं होतं. वीस वर्षं अर्धं डोकं धरून बसणाऱ्या त्या बाईच्या डाव्या हाताला नानांनी मलम आणून दिलं. अम्माने ते दोनदा लावलं. त्यानंतर ती डोक्याबद्दल बोलायचीच बंद झाली.

इकडे श्रीलता कप्तान झाली. ओवीच्या धडधाकट खांद्यावर मॅडम रोज बर्फ ठेवायच्या आणि पाय ठीक आहेत म्हणून तिला पळवायच्या. ओवी पळायची सुद्धा, दात आवळून, कारण बसली असती तर खोटारडेपणा कबूल केल्यासारखं झालं असतं. दर चार दिवसांनी चादरीवर निजवलं की खांद्यावरचा ठिपका आधीपेक्षा मोठा निघायचा. श्रीलताला त्याचं नवल वाटायचं नाही. ढोंगी माणसाचं काहीही वाढू शकतं.

मग जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला दोन दिवस उरले असताना श्रीलताने सरावात खांबाजवळ सूर मारला. गडी बाद झाला, पण तिचा उजवा खांदा खांबाच्या कडेवर असा आदळला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात वर जाईना. मॅडमनी तिला आत नेलं. चादरीवर पडल्या पडल्या श्रीलताने पडद्याकडे पाहिलं, कौतुकानेच, कारण आता खांदा पेटलेला दिसणार होता.

खांदा कोरा होता. लाल झाली होती डावी नडगी.

मॅडमनी बर्फाची पिशवी काढली आणि श्रीलताच्या काहीही न झालेल्या नडगीवर ठेवली. आवाजात साखर घालून त्या म्हणाल्या की सामन्याआधी भीती वाटते कधी कधी, त्यात लाजायचं कारण नाही, पण कप्तानाने असली कारणं सांगू नयेत. दारातून ओवी बघत होती. तिने टाळी वाजवली नाही, हसली नाही. फक्त स्वतःच्या नडगीकडे पाहिलं, मग श्रीलताच्या.

"माझी नडगी तुझ्याकडे आली बघ," ती म्हणाली. "जपून वापर."

घरी नानांनी आधीच ऐकलं होतं. शाळेचा निरोप मिलमध्ये गेला होता. त्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले की चादर सांगते खांदा ठीक आहे, तर तो ठीक आहे, आणि संघाच्या बनियनवर मिलचं नाव असताना दुडमांच्याच मुलीने असं वागावं हे बरं दिसत नाही. श्रीलताला डावा हात वापरून जेवावं लागलं. सांडलं. अम्माने न विचारता तिचं ताट जवळ ओढलं, भाकरी कुस्करून दिली आणि हळूच विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

इतक्या तासांत पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न श्रीलताला विचारला होता, पडद्याला नाही. तिला रडू येणार होतं, पण तिने रागाने ते गिळलं. आणि त्या रागातच समोरचा रुमाल ओढला. तोच, नमुन्याचा, चौरस. नानांनी घरी आणला होता आणि अम्मा त्यात भाकऱ्या बांधायची. रुमालावर आमटी सांडली होती. उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्याजवळ. खांद्याच्या जागी, श्रीलताच्या मनात आलं. माणूस निजला असता तर उजवा खांदा इथेच आला असता.

अम्माने सवयीने रुमाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमडला.

परत उघडला तेव्हा आमटीचा दुसरा डाग उमटला होता. डावीकडे, खाली. नडगीच्या जागी.

श्रीलता तो रुमाल बघत बसली. मग भाजीतला हळदीचा थेंब बोटाने वरच्या कडेवर मधोमध लावला, डोक्याच्या जागी, आणि दुमडला. डाव्या कडेवर उमटला, पंजा जिथे येतो तिथे. तिने अम्माच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पोटावर थेंब लावला. तो मध्यावरच होता, दुमडून स्वतःवरच पडला, हलला नाही. डावा खांदा घडीच्या रेषेवर, तोही हलला नाही. उजवा गुडघाही. जे जे चादर अचूक दाखवायची ते सगळं त्या एका तिरक्या घडीवर होतं.

बाकी सगळं जग घडीच्या पलीकडे पालथं पडत होतं.

तक्ता आडवाच भरला जात होता. उभ्याच्या जागी आडवं, आडव्याच्या जागी उभं. चौरस रुमालाला दोन्ही बाजू सारख्या, म्हणून प्रोग्रॅमला ते कळलं नाही, आणि कप मधोमध ठेवला, म्हणून माणसांनाही कळलं नाही. लांब चादरीच्या वेळी प्रोग्रॅम रुसला नव्हता. तो ओरडून सांगत होता. आणि नानांनी तक्ता फिरवायचा सोडून ओढून चेपून त्याचं तोंड बंद केलं होतं.

मग श्रीलताला ओवी आठवली. ओवीच्या खांद्यावरचा तो ठिपका, दर खेपेला वाढणारा, नडगीचा होता. गेले तीन आठवडे मोडत चाललेल्या हाडावर तिला रोज पळवलं जात होतं, आणि परवा अंतिम सामना होता.

तिने रुमाल नानांच्या पुढ्यात धरला आणि सगळं सांगितलं. नानांनी पूर्ण ऐकलं. त्यांचा चेहरा एका क्षणासाठी असा झाला की त्यांना कळलंय असं तिला वाटलं. मग तो मिटला.

"दहावीतली पोरगी मला तक्ता शिकवणार," ते म्हणाले. "स्वतःची भीती झाकायला बापाची इज्जत काढलीस. परवा मी येणार आहे सामन्याला. तिथे यातलं एक अक्षर बोललीस तर माझ्याशी बोलायचं नाही."

आता बघा, गप्प बसणं किती सोपं होतं. ओवी पळाली असती, पडली असती, आणि श्रीलताला ती कधी आवडलीच नव्हती. श्रीलताने दुसऱ्या दिवशी खरंच गप्प बसून पाहिलं. दुपारपर्यंत. मग व्हरांड्यात गाठून तिने ओवीला सांगितलं की खेळू नकोस, तुझं हाड मोडलंय. ओवीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी बसले की तू एकटी हिरो," ती म्हणाली. "चल, निघ बे."

आणि हे श्रीलताने स्वतःच पिकवलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवायला ओवीकडे एकही कारण नव्हतं.

सामन्याच्या सकाळी ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं होतं. पाहुण्यांना दुखण्याच्या खोलीतच चहा दिला होता, कारण तिथे पंखा होता आणि शाळेला चादर दाखवायचीही होती. नाना पांढऱ्या सदऱ्यात, माळगे मॅडम, दुसऱ्या शाळेच्या दोन बाई. संघ रांगेत. शेवटी ओवी, डाव्या पायावर भार न देता उभी. श्रीलता पुढे झाली, ट्रेमधला वाफाळता कप डाव्या हाताने उचलला आणि चादरीवर ठेवला. उजव्या खांद्याच्या जागी.

पडद्यावरच्या आकृतीची डावी नडगी लाल झाली.

मॅडम म्हणाल्या कप उचल, डाग पडेल. श्रीलताने उचलला आणि उशीच्या जागी ठेवला, डोकं येतं तिथे. डावा पंजा पेटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

नाना उठले. त्यांनी उशीच्या जागचा कप उचलला आणि वर्षापूर्वीसारखाच, सगळ्यांना दिसेल असा, बरोबर मधोमध ठेवला. ठिपका बरोबर मधोमध. त्यांनी पाहुण्यांकडे वळून मान हलवली.

"आता सरकवा नाना," श्रीलता म्हणाली. "कुठेही."

कपावरचा हात त्यांनी काढला नव्हता. मग त्यांनी कप हळूहळू उजवीकडे सरकवायला सुरुवात केली, आणि पडद्यावरचा ठिपका तितक्याच हळूहळू पायांकडे उतरत गेला. कडेपर्यंत. त्यांनी कप परत मधोमध आणला. पुन्हा उजवीकडे नेला. चहा त्यांच्या बोटांवर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

माळगे मॅडम ओवीकडे वळल्या. त्या खाली बसल्या आणि ओवीचा मोजा उतरवायला लागल्या. नडगी सुजून चकाकत होती. बोट लावताच ओवी ओरडली, आणि त्या खोलीत या वेळी कुणी तिची नक्कल केली नाही.

एक्स-रेमध्ये हाडाला लांब चीर निघाली. अजून एक सामना आणि दोन तुकडे झाले असते, डॉक्टर म्हणाले. श्रीलताचा खांदाही गळ्यात बांधला गेला. दोघींवाचून संघ हरला, आणि हरल्याचा राग कुणावर काढायचा हे संघाला ठरवायला वेळ लागला नाही. डब्याच्या वेळी श्रीलताच्या बाकावर कुणी बसेना. मिलने चादरी परत मागवल्या, नानांची बदली नमुन्याच्या खात्यात झाली, आणि नानांनी आपला शब्द पाळला. मीठ हवं असलं तरी ते अम्माला सांगायचे की तिला सांग. शाळेत मात्र अर्ध्या वर्गाचं डोकं एकाच दिवशी दुखलं. वर्षभराचं साठलं होतं. आणि घरी अम्मा कपाळाला घट्ट फडकं बांधून भर दिवसा, सगळ्यांसमोर, आडवी व्हायला लागली. नाना तिच्या पायाशी बसून राहायचे. मलमाची ट्यूब त्यांनी स्वतःच फेकून दिली.

दुसऱ्या आठवड्यात श्रीलता ओवीच्या घरी गेली. ओवीच्या आईने, म्हणजे काकूंनी, दार उघडलं, ओळखलं, आणि पाणीही न विचारता आतल्या खोलीकडे बोट केलं. ओवी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडली होती.

"माफी मागायला आलीस?"

श्रीलताने वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं फक्त "हो" शिल्लक राहिलं.

"मग ऐक," ओवी म्हणाली. "तीन आठवडे मी तोंडाने सांगत होते. मॅडमना, तुला, आमच्या आईला पण. एकाने ऐकलं नाही. आणि कपाने एकदा सांगितलं तर सगळ्यांना पटलं. मी कपाएवढी पण नाही व्हय बे?"

श्रीलता खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. बाहेर काकू भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या. श्रीलताने विचारलं, "आता दुखतंय का?"

ओवीने छताकडे पाहिलं.

"पाय नाही. पाठ दुखलालीय, पडून पडून." मग थोडं थांबून, "आणि कान. डावा."

तिच्या ओठाचा कोपरा हलला की नुसताच भास झाला, ते श्रीलताला कळेना. खरंच दुखत असेल. किंवा ओवी तिला खेळवत असेल, सगळा सूड एका कानात भरून. खोलीत पडदा नव्हता. भिंतीवर फक्त जुनं कॅलेंडर, आणि ओवीचा चेहरा, जो काही सांगायला तयार नव्हता.

श्रीलता उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, शेकायची पिशवी कुठे आहे?" ती म्हणाली. "ओवीचा कान दुखतोय."

"आणि पाठ," आतल्या खोलीतून ओवीचा आवाज आला.